घरातलं लोखंड

"काकू, पिना, कानातलं, मंगळसूत्र काढा," यंत्र चालवणारी सुरभी म्हणाली. भागीरथाने एकेक काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. यवतमाळच्या दवाखान्यातला आज विसावा दिवस. सुरभीने चुंबक तिच्या कपाळाच्या डाव्या बाजूला टेकवलं आणि टकटक सुरू झाली.

मारोतराव मुठीत मंगळसूत्र धरून बसले. गोळ्यांनी नैराश्य हटेना म्हणून चुंबकाने मेंदूला चालना देण्याचा हा उपाय होता. उन्हाळ्यात भागीरथा एकदा म्हणाली होती, "मले आता जगाच नाही." तेव्हापासून त्यांनी तिच्याकडे पाठ केली नव्हती. उपचार सुरू झाले त्याच दिवशी त्यांनी विळी, विळा, सुरी शेजारच्या विमलताईकडे नेऊन ठेवली. "डोक्याले चुंबक लावून राह्यले, घरात लोखंड चालत नाही," असं भागीरथाला सांगितलं. जन्मात थाप मारता न येणाऱ्या माणसाची ही थाप पचली होती. मग भेंडी हातानंच मोडली जाऊ लागली.

टकटक थांबली. पदर सारखा करत भागीरथाने विचारलं, "मॅडम, घरात लोखंड चालते का?"

"चालतं की! फक्त इथं डोक्याजवळ नको."

मारोतरावांचं तोंड चोरासारखं झालं.

राळेगावच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "इळी कोणापाशी ठेवली?"

"विमलताईपाशी."

"घेऊन या. मोडलेले भेंडे खाऊन कंटाळा आला बाप्पा."

मारोतरावांना आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली. इतक्या महिन्यांत तिने पहिल्यांदा काही मागितलं, आणि मागितलं तेही हेच.

संध्याकाळी त्यांनी विळी आणून तिच्यापुढे ठेवली. ती वांगी चिरायला बसली. बघत राहावं की न बघावं, त्यांना कळेना. शेवटी ते दारात जाऊन बसले, तिच्याकडे पाठ करून.

मागे कचकच चालली होती. मध्येच ती थांबली. मारोतरावांनी उंबरठा घट्ट धरला, पण वळून पाहिलं नाही.

"मान अवघडली असन तुमची," आतून आवाज आला. "या इकडे. लसन सोला."