तंतोतंत

“जुळलं! त्यांच्या देशाचं माप आणि आपलं, अगदी तंतोतंत!” प्रयोगशाळेत साहेबांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला.

ज्योत्स्नाने पेढा हातातच ठेवला. रेडिएशनचा डोस मोजणारं उपकरण तीच विमानात मांडीवर घेऊन परदेशी तपासायला गेली होती. आपलं माप चुकलेलं निघू दे, असं वाटभर मनात घोकत.

देशभरातल्या हॉस्पिटलांची यंत्रं याच मापाने लावतात. तिच्या भावाला तसल्याच यंत्रावर रेडिएशन दिलं, तरी गाठ परत आली. डॉक्टर म्हणाले होते, “डोस कमी पडला असेल, तरच पुन्हा देता येईल.”

भावाचा फोन आला. “ताई, लागला का निकाल?”

“जुळलं रे. पूर्ण डोस मिळालाय तुला.”



“अभिनंदन, ताई. पेढे वाटले असतील ना? खा गं.”