बिटाचा रस

खालची पापणी जरा ओढली की आतली कड गुलाबी दिसायला हवी. आईची कागदासारखी पांढरी होती. लेकीनं पापणी सोडली. रक्त तपासणं हे तिचं रोजचं काम. कॅन्सरनं हाडांच्या मज्जेतच बिऱ्हाड थाटलंय, तिथं आता नवं रक्त तयार होणार नाही, हे ती जाणून होती. बाबांना सांगायचं मात्र टाळत आली होती.

बाबा बिटाचा रस घेऊन आले. किसून किसून त्यांची बोटं लाल झाली होती.

"काल हिनं अर्धाच पेला घेतला, म्हणून रक्त उतरलं. मीच आग्रह करायला हवा होता."

आईनं लेकीकडे पाहिलं. लेक खिडकीबाहेर बघत राहिली.

"अहो, मला बीट कधीच आवडलं नाही," आई म्हणाली. "तुमच्या हातांना काम हवं, म्हणून पीत होते."

बाबांनी पेला खाली ठेवला. "मग उद्या गाजराचा करतो."

"उद्या काही करू नका. आणि रक्ताची पिशवी चढवायलाही आता जायचं नाही."