केळीतली जोडी

झावळ्यांच्या रविवारी चर्चमधल्या मिस्सेहून आल्यावर मटिल्डाने हिलरीची चाकांची खुर्ची ओट्यावर आणून ठेवली. गेल्या वर्षीच्या झटक्यापासून नवऱ्याचं उजवं अंग लुळं होतं आणि जीभ जड. पण बाग समोर आली की त्याचा चेहरा उजळायचा.

उमेळ्यातल्या त्या आळीत आता एवढीच बाग उरली होती. शेजारच्या वाडीत इमारत चढत होती. त्यामुळेच असेल, पण यंदा तिकडचं सगळं इकडे राहायला आलं होतं. जामाच्या झाडावर बुलबुलाची पिल्लं, विहिरीपाशी मुंगूस, कुंपणात भारद्वाज. हिलरी डाव्या हाताने एकेक दाखवायचा, काहीतरी पुटपुटायचा. त्याचं बोलणं डॉक्टरला कळत नसे. फोनवर मुलीला, रोवेनालाही कळत नसे. फक्त मटिल्डाला कळायचं, आणि हे ती चारचौघांत सांगायची.

त्या दिवशी ती आत कालवण ढवळत होती तेव्हा त्याने हाक मारली. ती बाहेर आली. केळींमधल्या मोकळ्या जागेत दोन लांबलचक साप अर्धे उभे राहून एकमेकांना पीळ घालत होते. पडत होते, पुन्हा उठत होते. हिलरी पुढे झुकून बघत होता.

मटिल्डाने कुंपणाकडे तोंड करून हाका मारल्या. इमारतीवरचा सुपरवायझर हरेश दोन कामगारांना घेऊन धावत आला. तिघांच्या हातात लोखंडी सळ्या होत्या. त्या बघताच हिलरीने डावा हात वर केला. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि एकच अर्धवट शब्द पुन्हा पुन्हा येत होता.

"काका काय बोलतायत?" हरेशने विचारलं.

"नाग म्हणतायत," मटिल्डा म्हणाली. "नाग आहेत."

सापांनी पळायचा प्रयत्नही केला नाही. ते एकमेकांतच गुंतले होते. पहिला घाव बसला तेव्हाही त्यांचा पीळ सुटला नाही.

सगळं शांत झाल्यावर हरेशने सळीने एकाचं डोकं उलटं केलं. वाकून नीट पाहिलं.

"आंटी, याला फणा नाही. धामणी आहेत या. उंदीर खातात, माणसाला काही करत नाहीत." त्याने सळी खाली ठेवली. "मग काका नाग का बोलले?"

मटिल्डाने वळून पाहिलं. हिलरीचा हात अजून वरच होता. तोच शब्द तो पुन्हा म्हणत होता, हळूहळू, ओठांना कष्ट देऊन. या वेळी तिला तो स्वच्छ ऐकू आला.

नको.

"घाबरले असतील," ती हरेशला म्हणाली. हिलरीने हात खाली घेतला.

कामगारांनी कोपऱ्यात खड्डा खणून दोन्ही साप पुरले. तिने त्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखी खुर्ची ओट्याकडे ढकलली. दारात येताच हिलरीने डाव्या हाताने चौकट धरली. तिने जरा जोर लावून पाहिला. मग समोर येऊन वाकली आणि त्याची बोटं एकेक करून सोडवू लागली. एक सोडवलं की दुसरं पुन्हा लाकडाला घट्ट बसत होतं.

"काय झालं? मला सांगा ना," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं नाही.