उत्तराआधी

केतकीचा फोन वाजला आणि बोधगयेच्या विहारातल्या स्वयंपाकघरात सगळ्यांचे हात थांबले. भाजी चिरणाऱ्या भिक्खुणींनी डोळे मिटले. तिथला रिवाजच होता: कुणाचाही फोन वाजला, की आधी तीन श्वास, मग उत्तर.

“अप्पांचा आहे,” केतकी कुरकुरली. वडिलांशी भांडूनच ती घरातून निघाली होती. “ओरडायलाच केलाय.”

“मग चार घे,” अकोल्याकडच्या एक भिक्खुणी हसून म्हणाल्या.

संथ श्वासाने नाडी मंदावते, एवढं ती कॉलेजातही शिकली होती. तिने चारही घेतले.

“मेलीस की काय तिकडे?” अप्पा कडाडले.

एरवी तिने फोन कापला असता. आज शब्दांमागची धाप तिला ऐकू आली.

“अप्पा, दम लागलाय तुम्हाला?”

पलीकडचा आवाज एकदम खाली आला.

“जिना चढवत नाही गं. एकट्याला भीती वाटते.”

“आधी का नाही सांगितलंत?”

“तू फोन ठेवायचीस ना.”