नवी धामण

कॉलेजच्या सर्पगृहात चार साप होते: दोन धामणी, एक दिवड, एक मांडूळ. पाचवी, नवी धामण, पंचशीलाच्या घरी सामानाच्या खोलीत, जाळीच्या पेटीत होती. तीन महिने ती तिथेच राहणार होती.

"सापाला बाळंतपणाला आणल्यावानी करायलात की, बाई," पेटी टेकवत वीरण्णा म्हणाला. तो कॉलेजचा शिपाई. औशाजवळच्या एका कोरड्या विहिरीतून धामण त्यानेच काढली होती. "चांगली धडधाकट हाय. सोडा की त्या चौघांत."

"धडधाकट दिसते म्हणूनच नाही सोडायची. आजारी दिसली असती तर आपण आणलीच नसती."

पंचशीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिच्या आधीच्या माणसाने एक दिवड न तपासता आत सोडली होती. त्या दिवडीच्या अंगावरच्या काळ्या, बारीक गोचिडींनी तेव्हाचं सर्पगृह रिकामं केलं होतं. त्यामुळे नव्या धामणीची पाण्याची वाटी वेगळी, चिमटा वेगळा, फडकं वेगळं. लांबी मोजायची स्टीलची पट्टीसुद्धा दरवेळी स्पिरिटने पुसायची. त्या वर्षी पावसाने दडी मारली होती. जिल्ह्याचं ठिकाण झालेल्या लातुरात कलेक्टर कचेरीची पाटी अजून कोरी करकरीत होती आणि तिच्यासमोर घागरींची रांग होती. तरी धामणीला हात लावला की पंचशीला दोनदा हात धुवायची.

त्याच आठवड्यात तिचे वडील आले. कंधारकडच्या गावात काही पिकलं नव्हतं. दुष्काळी कामावर खडी फोडून निवृत्तीआबा अर्धे झाले होते. दारातच त्यांना खोकल्याची उबळ आली.

"फुफाटा बसलाय छातीत," ते म्हणाले.

पंचशीलाची सहा वर्षांची लेक गौतमी धावत जाऊन बिलगायला लागली. आबांनी तिचे दोन्ही खांदे धरून तिला हातभर लांबच उभं केलं आणि नुसते बघत राहिले. "केवढी झाली गं माझी बाय!"

गौतमीने त्यांना धामण आणि तिची वेगळी वाटी दाखवून झाल्यावर पंचशीलाने आबांना चहा दिला आणि स्वतःचा ओतायला घेतला.

"मला येगळा गिलास ठेव पोरी," आबा म्हणाले. "अन् अंथरूण भाईर ओसरीत टाक."

तिचा हात थांबला. गावातल्या हॉटेलाबाहेर खिळ्याला एक कपबशी टांगलेली असायची. आबा ती काढायचे, विसळायचे, उकिडवं बसून चहा प्यायचे, पुन्हा विसळून खिळ्याला टांगायचे. लहानपणी त्यांच्या धोतराचा सोगा धरून तिने ते कितीदा पाहिलं होतं.

"आबा, या घरात कुणाचा गिलास वेगळा नाही."

"तुझ्या सापाला ठेवलीस नव्हं वाटी? मलाबी ठेव की तसंच."

"ती धामण आहे. तुम्ही माझे आबा आहात."

त्यांच्या हातातला गिलास घेऊन तिने एक घोट घेतला आणि तोच गिलास परत त्यांच्या हातात दिला. आबांचे डोळे भरून आले. त्यांनी चहा संपवला.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. त्यांचं अंथरूण तिने आत, गौतमीच्या शेजारी टाकलं. पहिले काही दिवस ते भिंतीकडे तोंड करून निजले. मग गौतमीच गोष्टींसाठी त्यांच्या वाकळीत शिरायला लागली. आजोबांच्या ताटातली भाकरी तिला आईच्या हातच्या भाकरीपेक्षा गोड लागायची.

पंचशीलाचा नवरा विष्णुपुरीच्या धरणावर कामाला होता. सुटीला आला की विचारायचा, "मामांना दवाखान्यात दाखवलंस का?"

"दावलं की नांदेडला," आबाच उत्तर द्यायचे. "धूळ हाय म्हनला डाक्टर. गोळ्या दिल्यात."

थंडी सरली. धामणीने कात टाकली, वजन धरलं. ठरल्या दिवशी पंचशीलाने पांढरं ओलं फडकं तिच्या खवल्यांवरून शेपटीपर्यंत फिरवलं. एकही काळा ठिपका निघाला नाही. तिने तिला सर्पगृहात सोडलं.

"निघाली बाई एकदाची सासरला!" वीरण्णा म्हणाला. पंचशीला खळखळून हसली.

घरी आली तर आबा पायरीवर बसले होते. तोंडाशी धरलेला पंचा लाल झाला होता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला. "टीबी आहे. आणि हे आजचं नाही. नांदेडला कुणी सांगितलं नव्हतं?"

आबा भिंतीकडे बघत होते. "सांगितलं हुतं. लेकराजवळ निजू नको, गिलास येगळा ठेव, म्हनले."

"आबा! मग मला का नाही..."

"तू म्हनलीस, या घरात कुनाचा गिलास येगळा न्हाई." त्यांनी तोंड पुसलं. "जल्मात असं कुनी म्हनलं नव्हतं गं मला. मंग सांगवलंच न्हाई."

डॉक्टरांनी गौतमीच्या हातावर, कोपराखाली, लागण झाली का ते पाहायला बारीक सुईने औषधाचा एक थेंब टोचला. "तुम्ही शास्त्र शिकवता, तुम्हीच मोजा. तिसऱ्या दिवशी. लाली मोजू नका, बोटाला लागेल तेवढी गाठ मोजा. दहा मिलिमीटरच्या आत भरली तर काळजी नाही."

तिसऱ्या दिवशी पंचशीलाने स्टीलची पट्टी स्पिरिटने पुसली. दोनदा हात धुतले. गौतमीचा हात खिडकीच्या उजेडात मांडीवर घेतला, गाठीच्या दोन्ही कडांना पेनाने खूण केली आणि पट्टी टेकवली.

अठरा मिलिमीटर.