पांढरा गिलावा

महादूने छिन्नीवर तिसरा घाव घातला आणि बॉयलरवरचा पांढरा गिलावा ढेकळासारखा सुटून खाली आला. धूळ उसळली. खिडकीतून आलेल्या उन्हात ती चकाकत तरंगत राहिली. त्याने तोंडावरचा पंचा सारखा केला आणि पुन्हा हातोडा उचलला.

"थांबा! सगळे बाहेर या. आत्ताच्या आत्ता!"

दारात गुणवंत साहेब उभे होते. पुण्याचे इंजिनिअर, कंपनीत येऊन जेमतेम महिना झालेला. त्यांनी नाकावर रुमाल घट्ट धरला होता.

आखाती देशातल्या अल कुसैस भागातल्या त्या बंद पडलेल्या लाँड्रीचा बॉयलर त्याच दिवशी, गुरुवारी संध्याकाळपर्यंत सोलून मोकळा करायचा होता. क्रेन ठरली होती. अठ्ठ्याण्णव सालचा ऑगस्ट. पाचही माणसं घामाने निथळत बाहेर आली, तर बाहेर सावलीतही भाजत होतं.

"हा साधा गिलावा नाही, ॲसबेस्टॉस आहे," गुणवंत म्हणाले. "याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर आत जातात आणि छातीत रुतून बसतात. त्याने कॅन्सर होतो."

चौघेजण महादूच्या तोंडाकडे बघायला लागले. जुन्नरकडचा महादू टोळीचा मुकादम होता. सात वर्षांत असे डझनभर बॉयलर त्याने सोलले होते.

"सायेब, सात वर्सं ह्येच करतोय. मला कधी साधा खोकला न्हाई."

"लगेच नाही होत, महादूभाऊ. वीस वर्षं जातात, तीस जातात. सगळ्यांना होतो असंही नाही. पण धूळ जितकी जास्त जाईल तितका धोका वाढतो. त्यात सिगारेट ओढत असाल, तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटीने वाढतो."

महादूचा हात नकळत खिशातल्या पाकिटावर गेला. तेवढ्यात सुपरवायझरची पिकअप येऊन थांबली.

"क्या हुआ? काम क्यों बंद है? यल्ला, यल्ला! जल्दी करो!"

"जब तक ये प्लास्टर पानी से भिगोया नहीं जाता और अच्छे मास्क नहीं आते, अंदर कोई नहीं जाएगा," गुणवंत म्हणाले.

"आप नये हो, साब. इन लोगों को कोई प्रॉब्लेम नहीं. पूछो महादू को."

आता सगळेच महादूकडे बघत होते. पुढच्या महिन्यात त्याचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता. काम अडवणाऱ्याचं नाव आधी कटतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याला गुणवंतचाच राग आला. हा एसीत बसून नोकरी करणार आणि घरी पाठवणार आम्हाला.

"सायेब, ह्ये तुमी पुस्तकात वाचलं का?"

"माझे वडील ठाण्याजवळ सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होते. बावीस वर्षं. त्या पत्र्यांत हाच माल."

"मंग? गेले का ते?"

"नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. रोज टेकडी चढतात."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. महादूच्या छातीवरचं ओझं उतरलं. "मंग झालं की! चला रे," म्हणत तो दाराकडे वळला.

"आई गेली," गुणवंत मागून म्हणाले.

महादू उंबऱ्यात थांबला.

"फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. डॉक्टरांनी विचारलं, बाई कुठल्या कारखान्यात होत्या? ती कुठेच नव्हती. बाबांचे कामाचे कपडे अंगणात झटकायची आणि धुवायची. रोज. बस्स, एवढंच."

महादूच्या डोळ्यांपुढे त्याची बायको ठकुबाई उभी राहिली. ती पाच वर्षांपूर्वी त्याच्याकडे आली होती. दोन मराठी घरांत स्वयंपाक करायची. दोघं एका व्हिलातल्या, प्लायवूड लावून पाडलेल्या खोलीत राहायची. रोज संध्याकाळी ती त्याच्या अंगातले कपडे दारातच उतरवून घ्यायची. जिन्यात उभी राहून, डोळे मिटून, फडाफडा झटकायची. "किती माती आणता वो," म्हणायची.

"बोल महादू, करेगा ना?" सुपरवायझरने विचारलं.

"नहीं साब." महादूचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "पहले पानी, पहले मास्क. तब तक काम खलास."

"व्हिसा रिन्यू करना है ना तेरे को?"

"करना है."

असं म्हणून त्याने हातोडा जमिनीवर ठेवला. मग बाकीच्या चौघांनी एकेक करून आपापली छिन्नी त्या हातोड्याशेजारी ठेवली. सुपरवायझर शिव्या देत फोन करायला निघून गेला. क्रेन आली तशीच परत गेली. शनिवारी पाण्याचा पाइप आला, मास्क आले, आणि कामाचे कपडे साइटवरच ठेवायचे असं ठरलं. व्हिसाचं मात्र अजून काही कळत नव्हतं.

पण ते सगळं नंतर. त्या गुरुवारी महादूने साइटच्या नळाखाली डोक्यापासून पायापर्यंत अंघोळ केली, गुणवंतांनी दिलेला शर्ट घातला आणि तो घरी गेला.

ठकुबाईने सवयीने हात पुढे केला. "कपडे कुठंयत?"

"आजपासनं घरी आणायचे न्हाईत."

"का? माझं धुणं पटंना व्हय?"

"ठके, जरा बस," तो म्हणाला. "एक लांब श्वास घे बघू."

तिला हसू फुटलं. त्याची थट्टा करायची म्हणून तिने खांदे उचलून मोठ्ठा श्वास ओढला. तो श्वास पुन्हा बाहेर पडेपर्यंत महादू आपला श्वास रोखून तिच्यासमोर उभा होता.