वडातली सायकल

“जराशी बाजूले सरक पोरी. तो तुह्या मांगं उभा आहे.”

फोनमधली म्हातारी असं म्हणाली आणि पिंकी मुकाट्याने बाजूला सरकली. मागे वड होता. वडात रुतलेली सायकल होती. आणखी कुणीही नव्हतं. उन्हं कलली होती, वारा पडला होता, आणि एवढ्या थोरल्या वडावर एकही पाखरू बोलत नव्हतं.

पिंकी चामोर्शीची. ‘मरायच्या आधी पाहाच’ हे तिचं चॅनल. वाघ सगळेच दाखवतात, आपण आपल्या भागातल्या चक्रम जागा दाखवू, म्हणून तिने ते सुरू केलं. पाण्याच्या टाकीवर उगवलेला पिंपळ दाखवून झाला, रस्त्याच्या मधोमध तशीच सोडलेली विहीर दाखवून झाली. पण ही सायकल म्हणजे सगळ्यांवर कडी. कधीकाळी कुणी ती वडाला टेकवून गेलं आणि वडाने तिला पारंब्यांत लपेटून पोटात घेतलं. आता एका बाजूने हँडल तेवढं बाहेर होतं, दुसऱ्या बाजूने अर्धं चाक. व्हिडिओ टाकला आणि थेट नागपूरहून लोक आले. हँडल धरून, दात काढून फोटो काढून गेले. सायकल कुणाची, हे कुणी विचारलं नाही. पिंकीनेही नाही.

मग एटापल्लीच्या पलीकडच्या एका गावातून मंगरू नावाच्या माणसाचा फोन आला. सायकल त्याच्या आत्याच्या मुलाची होती, वारलूची. वारलू इकडे धानकापणीच्या मजुरीला आला होता. मंगरूचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. कापणी आटोपली, वारलू सायकलवर घरी निघाला आणि घरी पोचलाच नाही. कुणी म्हणालं वाघाने नेला. कुणी म्हणालं तेलंगणात पळाला. सापडलं काहीच नाही, चप्पलसुद्धा नाही. त्याची आई झिंगूबाई रडली नाही. पोरगा मेल्याचं कळल्याशिवाय रडायचं तरी कसं? ती वाट पाहत राहिली. आता ती खाटेला खिळली होती आणि अजून वाटच पाहत होती.

व्हिडिओतलं वाकडं हँडल तिने चटकन ओळखलं. सायकल शिकताना वारलू नाल्यात पडला होता, तेव्हाचं ते वाकलेलं. पण तिला नुसती सायकल दिसली नाही. सायकलीपाशी उभा असलेला वारलूही दिसला.

“आमाले कोणालेच नाई दिसत, ताई,” मंगरू म्हणाला होता. “पण आत्यानं जेवण सोडलं आहे. त्याच्यासंगं बोलू द्या म्हणते. एक डाव तिथं जाऊन व्हिडिओ कॉल करा.”

पिंकीच्या घरी भूतखेत आणि अंगारे-धुपारे यांना थारा नव्हता. तिचे वडील संघपाल अशा गोष्टींवर भर चौकात वाद घालत. तरी ती आली. म्हातारीचा जीव निवेल म्हणून आली आणि, खरं सांगायचं तर, आणखी एक व्हिडिओ होईल म्हणूनही आली.

“दिसला का पोरी तुले?” झिंगूबाईने विचारलं. तिचा चेहरा स्क्रीनला अगदी चिकटला होता.

पिंकीने वडाकडे पाहिलं. पारंब्या, हँडल, अर्धं चाक. नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं.

“हो आजी, दिसला न,” ती म्हणाली. “चांगला आहे.”

म्हातारीने डोळे मिटले. “साऱ्यायले विचारलं मी. तूच पयली हो म्हटली.” मग तिने फोन त्याच्याकडे फिरवायला सांगितला.

पिंकीने कॅमेरा वडाकडे धरला. झिंगूबाई आपल्या माडिया बोलीत बोलू लागली. पिंकीला माडिया येत नव्हती, पण सूर कळत होता. आधी म्हातारी रागावली. मग तिने काहीतरी विचारलं आणि थांबली. समोरच्याला उत्तर द्यायला लागावा तेवढा वेळ थांबली. मग हसली. पुन्हा विचारलं, पुन्हा थांबली. म्हातारी दोन अश्रू गाळेल आणि फोन ठेवेल, असं पिंकीला वाटलं होतं. इथे तर दोन माणसांच्या गप्पा रंगल्या होत्या आणि फोन धरून ती मध्ये उभी होती. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. हात खाली घ्यायचं धाडस काही झालं नाही.

शेवटी मंगरूचा आवाज आला. हळू, दबलेला. “झालं, ताई.”

“काय म्हणत होत्या?”

“आत्यानं विचारलं, इतके वर्सं घरी काऊन नाई आला? त आत्या म्हणते, तो बोलला, लोकं येते, फोटो काढते, मी कोणालेच दिसत नाई. एकट्याले रस्ता गवसत नाई. कोणाच्या संगं येऊ?”

“मग?”

“मंग आत्यानं सांगतलं, ह्या पोरीले तू दिसते. तिच्या गाडीवर बस अन् घरी ये. ताई, आत्या आता जेवीन म्हणते. पण तुमी दोघं आल्यावर.”

रेंज गेली. फोन बंद पडल्यासारखा गप्प झाला.

पिंकीची स्कूटी रस्त्याच्या कडेला उभी होती. चामोर्शी डावीकडे, हाकेच्या अंतरावर म्हणावी इतकी जवळ. एटापल्ली उजवीकडे, जंगलातून, लांब. घरी निघून गेली असती तर तिला कुणी जाब विचारला नसता. तिला भीती वाटत होती. चांगलीच वाटत होती. पण आपणच हो म्हटलं होतं, आणि त्या एका शब्दावर तिकडे एक म्हातारी उपाशी बसली होती.

तिने स्कूटी उजवीकडे वळवली. ओढणीने मागची सीट पुसली. बाबांनी पाहिलं तर काय म्हणतील, असं मनात येऊन तिला जरासं हसूही आलं.

“बसा, भाऊ,” ती म्हणाली.

गाडी मागून दबली.